मदत हवी आहे: कोथरूडला रिसेल फ्लॅट, मिळकतकराचं बिल जुन्या मालकाच्या नावे, 40 टक्के सवलतही नाही

पौडफाटा

जाणकारांनी मार्गदर्शन करावे. कोथरूडमध्ये रिसेलचा फ्लॅट घेतला आहे. खरेदीखत नोंदवून झालं, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खताचा उतारा) हातात आहे, राहायलाही आलो. पुणे मनपाचं मिळकतकराचं बिल मात्र आधीच्या मालकांच्या नावाने आलंय. त्यांनी फ्लॅट भाड्याने दिला होता. त्यामुळे असेल, पण शेजारच्या तेवढ्याच फ्लॅटपेक्षा बिल खूपच जास्त आहे. वर थोडी थकबाकीही दिसते.

1. आधी बिल भरायचं, नाव बदलायचं की स्वतः राहणाऱ्याला मिळणाऱ्या 40 टक्के सवलतीचा अर्ज करायचा?
2. थकबाकी जुन्या मालकांची. ती आम्ही का भरायची?
3. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर अजून नाव चढवलेलं नाही. त्यावाचून काम होईल का?

एजंट 'सगळं करून देतो' म्हणतोय, पण त्या वाटेने जायचं नाही.

वहीखातं

आधी बिल भरा. वेळेत भरल्याची सूट (ही 40 टक्के सवलतीहून वेगळी) मिळवायची असेल तर बिलावर छापलेल्या तारखेच्या आत, दोन्ही सहामाह्यांचं एकदम. मूळ मुदत 31 मे, अलीकडे ती पुढे ढकलली जाते, पण त्या भरवशावर राहू नका. वार्षिक करपात्र मूल्य (ज्या आकड्यावर कर बसतो तो) 25 हजारांपर्यंत असेल तर सर्वसाधारण करात 10 टक्के सूट, त्यापुढे 5 टक्के. सूट फक्त सर्वसाधारण करात असते, पाणीपट्टी, शिक्षण कर वगैरे ओळींवर नाही. त्यामुळे एकूण बिलाच्या 10 टक्के कमी होतील असा हिशेब धरला तर फसाल. मुदत गेल्यावर थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला 24.

बिल कोणाच्या नावावर आहे याने भरण्यात अडचण येत नाही. बिलावर तीन तुकड्यांचा मिळकत क्रमांक असतो: सेक्शन, पेठ आणि खाते क्रमांक. ऑनलाइन भरताना तिन्ही तुकडे जसेच्या तसे टाका, मग स्क्रीनवर येणारं नाव आणि पत्ता वाचूनच पुढे जा. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला की शेजाऱ्याचा कर भरला जातो आणि ती रक्कम वळती करून घेणं हे वेगळंच प्रकरण होऊन बसतं. पावती जुन्या नावानेच येईल. तुमच्या खात्यातून पैसे गेल्याचं बँकेचं पान तिला जोडून ठेवा. नाव बदललं तरी हा क्रमांक तोच राहतो.

थकबाकीचं असं आहे की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 141 प्रमाणे मिळकतकराचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो. मालक बदलला तरी मनपा त्या फ्लॅटकडेच बोट दाखवणार. तुमचं आणि जुन्या मालकांचं भांडण खरेदीखतातल्या कलमावर ठरतं. 'ताब्याच्या तारखेपर्यंतचे सर्व कर लिहून देणार (म्हणजे विकणारे) यांनी भरावेत' असं वाक्य बहुतेक खतांत असतंच. ते शोधा, ताब्याच्या तारखेपर्यंतच्या दिवसांचा हिशेब मांडा आणि बिलाच्या प्रतीसह त्यांना लेखी पाठवा. मनपाच्या खिडकीत हा वाद घालून काही हाती लागत नाही.

वहीखातं

आता नाव बदलणं. अर्ज तुमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या करआकारणी व करसंकलन विभागात द्यायचा. कोथरूड म्हटलं की कोथरूड-बावधन कार्यालय असं लोक धरून चालतात, पण कर्वेनगरच्या बाजूच्या काही सोसायट्या वारजे-कर्वेनगरकडे येतात. आधी विचारून खात्री करा. सोबत लागतं ते:

- नोंदणीकृत खरेदीखताची प्रत आणि इंडेक्स टू
- कर भरल्याची ताजी पावती, थकबाकी शून्य दिसणारी
- सोसायटीचा ना हरकत दाखला किंवा शेअर सर्टिफिकेटची प्रत
- खरेदीदारांची ओळखपत्रं, संयुक्त नावं असतील तर सगळ्यांची

सगळ्या प्रतींवर स्वतःची सही. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, बघतो' या उत्तरावर निघून आलात तर अर्ज दिल्याचा पुरावा तुमच्याकडे काहीच राहत नाही.

अर्ज अडकतात ते बहुधा दोन कारणांनी. पहिलं, साखळी तुटलेली असणं. बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांनी तुम्हाला विकलं नसेल, मधल्या मालकाने कधी नाव बदललंच नसेल, किंवा बिल अजून बिल्डरच्याच नावाने येत असेल, तर मधल्या प्रत्येक व्यवहाराचा इंडेक्स टू लागतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि खतातला मिळकत क्रमांक (सर्व्हे क्रमांक वगैरे, कराच्या बिलावरचा नव्हे) टाकून जुने इंडेक्स टू शोधता येतात.

दुसरं कारण पत्त्यातला फरक. खतात 'बी विंग, फ्लॅट 7' असतं आणि मनपाच्या नोंदीत बांधकामाच्या वेळची 'इमारत क्र. 2, सदनिका 7'. दोन्ही एकच आहेत हे पेठ निरीक्षकाला (मनपाच्या कर विभागाचा त्या भागाचा निरीक्षक) कोण सांगणार? सोसायटीच्या लेटरहेडवर तेवढं एका ओळीत लिहून आणा. क्षेत्रही ताडून बघा. खतात चौरस मीटर, नोंदीत चौरस फूट असू शकतं. मीटरला 10.764 ने गुणलं की फूट. 55.74 चौ. मी. म्हणजे 600 चौ. फूट.

नाव बदलण्याची सूचना तीन महिन्यांत देणं कराधान नियमांप्रमाणे घेणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर, दोघांवरही बंधनकारक आहे. सूचना जाईपर्यंत जुना मालकही जबाबदारीतून सुटत नाही. त्यांच्याकडून सही हवी असेल तर हे सांगा, लगेच येतात.

अर्धंपेठकर

40 टक्क्यांबद्दल मी लिहितो, कारण यात गोंधळ फार आहे.

ही सवलत करावर नसते, करपात्र मूल्य काढतानाच दिली जाते. धरा, फ्लॅटचं वार्षिक भाडेमूल्य 24,000 ठरलं. देखभाल-दुरुस्तीचे 10 टक्के वजा केले की 21,600. स्वतः राहत असाल तर त्यात 40 टक्के वजा, म्हणजे 12,960. पुढचे सगळे कर या आकड्यावर बसतात. सवलत नसेल तर 21,600 वर. म्हणजे बिल 40 टक्क्यांनी वाढत नाही. ते 60 वरून 100 वर जातं, जवळजवळ 67 टक्क्यांनी. शेजाऱ्याच्या बिलाला 1.67 ने गुणून पाहा. तुमचा आकडा तिथेच आला तर फरक सवलतीचाच. त्याहून जास्त असेल तर नोंदीतलं क्षेत्र किंवा वापर चुकीचा आहे का ते बघावं लागेल.

ही सवलत 1970 पासूनची. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांनंतर ती बंद झाली आणि 1 एप्रिल 2019 पासून आकारणी झालेल्या नव्या मिळकतींना मिळेना. मनपाने केलेल्या मिळकतींच्या जीआयएस (नकाशावर आधारित) सर्वेक्षणात जिथे भाडेकरू सापडले तिथलीही गेली. 2023 मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा लागू केली. देखभालीची वजावट आधी 15 टक्के होती, ती आता 10 धरतात. सोसायटीत कोणी 'आपल्याला 15 मिळायची' म्हणत असेल तर ते याचसाठी.

तुमच्या प्रकरणात भाडेकरूमुळे सवलत निघाली आहे. तुम्ही राहायला आलात म्हणून ती आपोआप परत येत नाही, त्यासाठीचा मनपाचा पीटी-3 फॉर्म भरावा लागतो. सोबत:

- तुम्ही स्वतः राहता असं सोसायटीचं पत्र
- मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांपैकी एक
- पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या कराच्या बिलाची प्रत

शेवटची गोष्ट लपवू नका. सवलत स्वतः राहत असलेल्या एकाच निवासी मिळकतीला मिळते.

सोसायटीच्या पत्रात 'सदर सभासद अमुक तारखेपासून स्वतः वास्तव्यास आहेत' अशी तारीख हवी. नुसतं 'हरकत नाही' लिहिलेलं पत्र या कामाला अपुरं आहे. तारखेवरूनच सवलत कधीपासून मागायची ते ठरतं.

सिंहगडरोडी

लाइट बिल जोडून दिलं की झालं की हो, एवढा खटाटोप कशाला.

अर्धंपेठकर

लाइट बिलावरून तिथे कोणीतरी राहतं एवढंच कळतं, मालक राहतो की भाडेकरू हे नाही. भाड्याच्या घरांतही वीजमीटर बहुधा मालकाच्याच नावावर असतो. हवं तर जास्तीचा कागद म्हणून जोडा, यादीतल्याऐवजी नको.

पौडफाटा

दोघांचेही आभार. 1.67 ने गुणलं, आकडा जवळपास तिथेच येतोय. म्हणजे क्षेत्राचा घोळ नाही. पण पीटी-3 जुन्या नावाच्या खात्यावर देता येईल का? आणि ओळखपत्रांवर अजून जुनाच पत्ता आहे.

वहीखातं

नाव बदलण्याचा आणि पीटी-3, दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या, पण दोन वेगळे अर्ज म्हणून, दोन वेगळे आवक क्रमांक घेऊन. एकाच पाकिटात दिले की एकावर काम होतं आणि दुसरा फायलीत दबतो. पीटी-3 वर खाते क्रमांकाच्या खाली 'नाव हस्तांतरण अर्ज आवक क्र. ...' लिहा.

पत्त्यासाठी गॅसचं कनेक्शन नव्या घरी बदलून घ्या, इतर कागदांच्या मानाने ते लवकर होतं. मतदार यादीतला पत्ता फॉर्म 8 भरून बदलता येतो, तेही लावून टाका. पेठ निरीक्षक जागा पाहायला येऊ शकतात. त्या वेळी घरात कोणीतरी असू द्या आणि दारावर जुन्या भाडेकरूची पाटी असेल तर काढा. हसू नका, त्या पाटीवरून शेरा मारला जातो.

नावावर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. अर्जात इंडेक्स टूप्रमाणेच नाव लिहा, मधलं नाव, आडनाव, क्रम सगळं तसंच. आधारवर मधलं नाव नसेल तर चालतं, पण स्पेलिंग वेगळं असेल तर आधी तेच सरळ करा.

नारळाची_वाडी

शेअर सर्टिफिकेटबद्दल. सोसायटी किती काळ लावू शकते याला मर्यादा आहे. सभासदत्वाचा अर्ज योग्य रीतीने देऊन तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 22 नुसार तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतर शुल्क 500 रुपये, प्रवेश शुल्क 100 आणि हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्स्फर प्रीमियम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000. 'डेव्हलपमेंट फंड' वगैरे नावाने त्यावर मागत असतील तर लेखी मागा, बहुधा विषय तिथेच थांबतो.

पण मनपाच्या कामासाठी तोवर थांबू नका. सेक्रेटरींकडून ना हरकत दाखला आणि वास्तव्याचं पत्र अशी दोन पत्रं वेगळी घ्या. दोन्हींवर जावक क्रमांक आणि गोल शिक्का पाहिजे.

औंधकर_आजोबा

थोडा वेगळा प्रश्न. फ्लॅट भावाच्या नावे होता, तो वारला. मृत्युपत्र नाही. वहिनी आणि दोन मुलं. यात नाव कसं लावायचं?

वहीखातं

काका, यात खरेदीखत नाही, म्हणून अर्ज वारसाहक्काने हस्तांतरणाचा. मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि एकाच वारसाच्या नावावर करायचं असेल तर बाकीच्यांचं ना हरकत पत्र. तिघांचीही नावं लावली तर वाद उरत नाही. मुलांपैकी कोणी अज्ञान (18 वर्षांखालचं) असेल तर त्याचं नाव वगळू नका, पालक म्हणून वहिनींचं नाव लावा. वारसांत आधीच खटके असतील तर वारसा दाखल्यासाठी कोर्टाची वाट धरावी लागेल. आणि एक लक्षात असू द्या, बिलावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. ते फक्त कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे.

हिंजवडी_शटल

वाकडच्या फ्लॅटला हेच सगळं लागू आहे ना? बिल तेवढंच जड आहे.

अर्धंपेठकर

नाही. वाकड पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत. तिथले अर्ज, सूट, कार्यालयं सगळं वेगळं. बाणेरहून वाकडला जाताना हद्द कुठे बदलली ते कळतही नाही, पण कराचं खातं बदलतं. तसंच कॅम्प आणि खडकी कॅन्टोन्मेंटचं. 2017 आणि 2021 मध्ये पुणे मनपात आलेल्या गावांत बिल आहे की अजून ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चाच उतारा हातात आहे, ते आधी बघावं लागतं. अशा ठिकाणी नाव बदलण्याआधी मनपाकडे आकारणीच करून घ्यावी लागते.

पौडफाटा

अर्ज देऊन काहीच झालं नाही तर पुढे कोणाकडे जायचं? पीएमसी केअरवर (मनपाची ऑनलाइन तक्रार सोय) तक्रार पुरेशी होते का?

नारळाची_वाडी

पीएमसी केअरवर टाका, पण आवक क्रमांक आणि तारीख लिहून. 'माझं काम झालं नाही' एवढीच तक्रार 'संबंधित विभागास कळविले' म्हणून बंद होते.

खरी पकड लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 ची आहे. मिळकतीच्या हस्तांतरणाची नोंद ही अधिसूचित सेवा आहे. सेवा, तिची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावलेला असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मुदत संपली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील, आपले सरकार पोर्टलवरूनही करता येतं. अपिलात तीनच गोष्टी लिहा: आवक क्रमांक, फलकावरची मुदत, मुदत संपल्याची तारीख. बाकी कैफियत नको. नाकारत असतील तर कारण लेखी मागा. 'साहेब नाहीत' हे कारण कागदावर कोणी लिहून देत नाही.

वहीखातं

सवलत मंजूर व्हायच्या आधी भरलेली जास्तीची रक्कम सहसा रोख परत मिळत नाही, पुढच्या बिलांत वळती होते. म्हणून आता भरताना पावतीची प्रत पीटी-3 ला जोडा आणि अर्जात 'जादा भरणा पुढील बिलात समायोजित करावा' ही ओळ टाका. पुढच्या एप्रिलनंतर बिल आलं की मागील समायोजनाची ओळ आहे का ते बघा. नसेल तर त्या बिलाची प्रत आणि जुना आवक क्रमांक घेऊन त्याच खिडकीत जा, नवा अर्ज करू नका. नवा दिलात की तारीखही नवी धरतात.