मदत हवी आहे: जुने सिगार मुरलेत की नुसते वाळलेत?

राजवाड्यामागे:
नमस्कार मंडळी. सिगारमधलं कळणारं कोणी इथे असेल तर सल्ला हवाय. (तब्येतीवरचे उपदेश घरी रोज मिळतात, ते बरोबरही आहेत, पण इथे नकोत.)

माझे मामेसासरे फौजेतून निवृत्त झाल्यावर महूलाच राहिले होते. आता पुण्याला मुलाकडे जाताना त्यांनी मला एक लाकडी पेटी दिली. पार्तागास सेरी डी नंबर ४ या क्यूबन सिगारची, पंचवीसची, अर्धीअधिक भरलेली. तळाशी शाईने काहीतरी कोड आणि 'एजीओ ०८' असा शिक्का. इतकी वर्षं ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात होती.

या सिगारची ख्याती म्हणजे मिरीचा ठसका, मातीचा वास, भाजलेली कॉफी. मला त्यातलं फारसं काही मिळालं नाही. घशाला लागत नाही हे खरं, पण पहिल्या इंचानंतर नुसतं वाळकं गवत. जळतोही भराभर. जरा दाबला की वरचं पान तडकतं. मामा फोनवर म्हणाले, "अरे, मुरलाय तो, जुना माल आहे."

उलट भाच्याने दुबईहून आणलेले निकाराग्वाचे नवे सिगार. सेलोफेन काढलं की गोठ्यासारखा भपकारा, आणि ओढल्यावर जीभ चरचरते. मग वय वाढल्यावर चव नक्की कुठे जाते? आणि मामांची पेटी वाचेल का?

धुरकट:
एजीओ म्हणजे आगोस्तो (स्पॅनिशमध्ये ऑगस्ट), म्हणजे ऑगस्ट २००८. हा पेटीत भरल्याचा महिना.

मामांचा मान राखून सांगतो, हे मुरणं नव्हे. मुरायला ओल लागते. सिगार वळल्यानंतरही पानांमधलं आंबणं अगदी मंदपणे चालू राहतं. त्यात अमोनिया उडून जातो (तुमच्या भाच्याच्या सिगारमधला भपकारा तोच), कडवट तुरटपणा मवाळ होतो, आणि वेगवेगळ्या पानांच्या सुट्या चवी एकजीव होतात. लिखेरो म्हणजे झाडाच्या शेंड्याकडचं जाड, तेलकट पान. ते ज्यात जास्त, तो सिगार वर्षानुवर्षं सुधारतो. मुळात सौम्य असलेला मात्र ठेवून ठेवून फिका पडतो. डी नंबर ४ चांगलाच जोरकस, त्यामुळे नीट ठेवला असता तर आज बहारीचा लागला असता.

पण आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवेत ओल ती किती! पाणी उडतं तशी सुगंधी तेलंही उडतात. पाणी परत देता येतं, तेल नाही.

राजवाड्यामागे:
म्हणजे फेकून देऊ?

धुरकट:
छे. घट्ट झाकणाच्या डब्यात ६२ टक्क्यांची ओलावा राखणारी पाकिटं टाका, महिन्याभराने ६५ ची. घाई केली तर आतलं पान आधी फुगतं आणि वरचं फाटतं. दोन-तीन महिने द्या. जळणं नक्की सुधारेल, चव थोडीफार. भाच्याचे सिगार त्याच वेळी वेगळ्या डब्यात ६५ वर ठेवा आणि सहा महिने विसरून जा. सेलोफेन काढायची गरज नाही, त्यातून हवा खेळते. जुनं झालं की ते तेलाने पिवळं पडतं, तीही एक खूण.

सराफ्याचा भुक्कड:
माझं मत वेगळं. मामांच्या पेटीवर एवढी मेहनत कशाला? दोन-चार ओढून बघा, बाकी आठवण म्हणून ठेवा. भाच्याच्या मालावर लक्ष द्या. आणि हायग्रोमीटरवर (डब्यातली ओल मोजणाऱ्या मापकावर) आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून चिखलासारखं करा, मापकासकट बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर मापक पाचने कमी दाखवतो असं समजा.

लाकडी खोका करून घेणार असाल तर सुताराला देवदार लावू देऊ नका, राळेचा वास सिगारला चिकटतो.

राजवाड्यामागे:
मिठाचा प्रयोग आजच करतो. पण पावसाळ्याचं काय? आमच्याकडे तेव्हा पापडसुद्धा मऊ पडतात.

धुरकट:
डबा घट्ट असेल तर बाहेरच्या हवेने फरक पडत नाही, फक्त सारखा उघडू नका. खरी भीती उष्णतेची. पंचवीस अंशांच्या वर गेलं की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटू शकतात, मग पानावर टाचणीएवढी भोकं दिसतात. डबा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खालच्या कप्प्यात ठेवा. भोक दिसलंच तर सगळे सिगार दोन पिशव्यांत बंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ वर, तीन दिवस. मग एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, आणि नंतर बाहेर. एकदम बाहेर काढलेत तर पान तडकेल.

पांढरी, केसाळ बुरशी दिसली तर तो सिगार टाकून द्या. पुसून ओढू नका.

राजवाड्यामागे:
आभार. डबा आणि पाकिटं मागवतो. मामांना काय सांगायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही.