कारल्यातल्या फळमाशीवर ट्रायकोकार्ड चालेल का?

जुन्नरकर_शेती: नमस्कार मंडळी. मांडवावर कारलं आहे, तोडे सुरू झालेत. फळं वाकडी होतात, अवेळी पिवळी पडतात, चिरलं की आत पांढऱ्या अळ्या. क्यू ल्युअरच्या (गंधाच्या आमिषाच्या) सापळ्यांत माश्या भरपूर पडतात, तरी डंख थांबत नाही. दुकानदार म्हणतो ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकीटकांचं कार्ड, लावा. कुणी लावलंय?

वेलवाला: दादा, कार्डावर पैसे घालू नका. त्यावरची ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी पतंगांच्या अंड्यांवर जगते, फळमाशीशी तिचं देणंघेणं नाही. आणि क्यू ल्युअरला फक्त नर येतात. फळलेली मादी शेजारच्या रानातून येऊन डंख मारतेच.

फळमाशीची खरी वैरीण सिटालिया फ्लेचेरी ही बारीक गांधीलमाशी. फळातली अळी हुडकून ती सालीतून नळी आत खुपसते आणि अळीच्या अंगातच अंडं घालते. अळी लगेच मरत नाही. मातीत उतरते, कोष करते आणि त्यातून माशीऐवजी गांधीलमाशी निघते. १९१६ साली हवाई बेटांवर हिला नेलं ते आपल्या भारतातूनच!

मी डंखलेले दोडके ओल्या मातीवर बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधली होती. आधी फळमाश्या निघाल्या, मागून या गांधीलमाश्या. अंग तांबूस पिवळं, पंख काचेसारखे, लांब मिशांची हालचाल क्षणभर थांबत नाही. तेव्हापासून किडकी फळं खोल गाडायला माझा जीव होत नाही, कारण त्यांच्यासोबत यापण गाडल्या जातात.

जुन्नरकर_शेती: मग ती फळं टाकायची कुठं? बांधावर टाकली तर माशी वाढणार.

वेलवाला: बांधावर अजिबात नको. हवाईत यासाठी जाळीचा तंबू वापरतात, आपल्याला झाकणाचा ड्रम पुरतो. तळाला माती, झाकण कापून जाळी. भोक एवढंच की गांधीलमाशी निसटेल, फळमाशी आतच राहील. आधी बरणीवर जाळी ताणून खात्री करा, माशी सुटली तर सगळं वाया.

मका_कडेला: फवारणी पूर्ण बंद करायची का?

वेलवाला: अख्ख्या मांडवावर मारू नका, त्यात या गांधीलमाश्या आधी मरतात. फळमाशी कडेच्या मक्यावर विसाव्याला बसते, विषारी आमिष तिथंच शिंपडा. पण नुसत्या गांधीलमाशीवर पीक सुटत नाही. हवाईतही रानकारल्यात ती जेवढ्या अळ्या गाठते, तेवढ्या लागवडीच्या पिकात गाठत नाही. सापळे राहू द्या आणि प्रत्येक तोड्याला डंखलेलं फळ वेलावरून, जमिनीवरून उचलाच.