विषय : दिवाळीचा नाट्यप्रयोग आणि श्रवणयंत्रात थेट आवाज

सप्रेम नमस्कार,
श्रवणयंत्र लावूनही नाटकातील संवाद कळत नाहीत, अशी काही ज्येष्ठ सभासदांची तक्रार आहे. मिक्सरला ब्लूटूथ ट्रान्समीटर जोडल्यास सर्वांच्या यंत्रांत थेट आवाज जाईल का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.
– कार्यक्रम समितीकरिता

सप्रेम नमस्कार,
एका कानात कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेले, श्रवणनसेला विजेचे संकेत देणारे यंत्र) आणि दुसऱ्यात श्रवणयंत्र असलेला प्रेक्षक म्हणून लिहितो. साध्या ट्रान्समीटरने हे काम होणार नाही. काही यंत्रे केवळ आयफोनशी थेट जुळतात, काही अँड्रॉइडच्या ‘आशा’ पद्धतीने (या आशाताई गात नाहीत), आणि आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने जरी मागे पडला, तरी नटाचे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. आम्ही तर निम्मे ओठांवरूनच ऐकतो. २०२२ साली जाहीर झालेल्या ऑराकास्ट या ब्लूटूथ पद्धतीत एकच प्रक्षेपण कितीही जणांना घेता येते, परंतु त्यासाठी यंत्रही त्या जातीचे लागते आणि माझे जुने आहे.

आपल्या सभागृहाच्या दारावर मात्र कानाचे चित्र व ‘टी’ अक्षर असलेली निळी पाटी आहे, म्हणजे तेथे इंडक्शन लूप आहे. कडेने फिरवलेल्या तारेचे चुंबकीय क्षेत्र यंत्रातील टेलिकॉइल (तारेचे छोटे वेटोळे) पकडते आणि यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आवाज जराही न रेंगाळता कानात येतो. गेल्या पाडव्याला मी यंत्र ‘टी’वर, म्हणजे टेलिकॉइलवर केले, तर नुसती घूं-घूं. मध्यंतरात पाहिले, तेव्हा लूपच्या अँप्लिफायरचा दिवा लागलेला होता, पण त्याची वायर सभागृहाच्या माइकला होती आणि आपण बोलत होतो भाड्याने आणलेल्या माइकवर.

तेव्हा साउंडवाल्यांना मिक्सरमधून एक वेगळी वायर लूपला द्यायला सांगावे आणि तीत संवादच सोडावेत. कानात बसवलेल्या बारा ते बावीस इलेक्ट्रोडांवर (संकेत देणाऱ्या टोकांवर) भागवणाऱ्या आम्हां इम्प्लांटवाल्यांना पार्श्वसंगीत शब्दांवर चिखलासारखे बसते. सभासदांनीही आपल्या यंत्रात टेलिकॉइल आहे का, हे ऑडिओलॉजिस्टला विचारून तो प्रोग्रॅम चालू करून घ्यावा. पुष्कळदा ती असते, पण बंदच राहते.

रंगीत तालमीला मी तासभर आधी येईन आणि निरनिराळ्या खुर्च्यांवर बसून आवाज तपासेन.
– एक सभासद

सप्रेम नमस्कार,
साउंडवाल्यांशी बोललो, वायर ते आणतील. आपण साडेचारला यावे, किल्ली माझ्याकडे आहे.
– कार्यक्रम समितीकरिता