तुमचं गाणं कोणत्या डिस्ट्रिब्यूटरकडून चढवलंत? अनुभव सांगा

दिवाळीत आम्ही चौघांनी घरीच पाच गाणी रेकॉर्ड केली. गाद्या भिंतीला उभ्या करून, पंखा बंद ठेवून. मिक्सिंग-मास्टरिंग उरकलं आणि आता गाडी अडलीये डिस्ट्रिब्यूटरवर, म्हणजे स्पॉटिफायसारख्या गाणी ऐकायच्या ॲप्सवर आपलं गाणं पोचवणाऱ्या सेवेवर. दर पाहून झालेत. डिस्ट्रोकिड वर्षाचे पैसे घेतं आणि हवी तेवढी गाणी चढवू देतं. सीडी बेबी दर रिलीजमागे एकदाच पैसे घेतं, पण कमाईतले ९ टक्के कापतं. रूटनोटवर फुकट चढवता येतं, मग १५ टक्के त्यांचे. इथवरचं गणित येतं. दोन-तीन वर्षांनी कुठे बोट चेपलं ते ज्यांनी सोसलंय त्यांनी लिहा. जाहिराती नकोत.

पेटीवाला, कोल्हापूर

माझं बोट बँकेत चेपलं. वर्गणीवाली सेवा घेतली होती, पैसे कार्डावरून आपोआप जायचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नियम बदलला आणि परदेशी वर्गण्या धडाधड अडकल्या, त्यात माझीही. मेल आले होते म्हणे, प्रमोशन्सच्या टॅबमध्ये कोण बघतो? चुलतभावाच्या हळदीत डीजेला म्हटलं, आपलं गाणं लाव. तो मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाला, "दादा, हे तर करडं दिसतंय, वाजतच नाही." वर्गणी थांबली की गाणं उतरतं. कायम ठेवायचं तर काही ठिकाणी एकरकमी जादा पैसे भरावे लागतात, तो पर्याय मी चढवतानाच ओलांडून गेलो होतो.

त्याहून मोठी चूक पुढची. चिडून दुसरीकडे गेलो आणि घाईत नवा आयएसआरसी घेतला. हा बारा अक्षरांचा नंबर म्हणजे रेकॉर्डिंगचं आधार कार्ड समजा. जुना नंबर, तीच ऑडिओ फाइल, तेच नाव दिलं असतं तर किती वेळा ऐकलं गेलं त्याचे जुने आकडे जुळून आले असते. आता गाणं तेच, पण मोजणी शून्यापासून.

नावात काय आहे, नाशिक

माझ्याच नावाचा एक पंजाबी गायक आहे. माझी गवळण ॲपवरच्या त्याच्या पानावर जाऊन बसली, भांगडा आणि भांगडा यांच्या मधोमध. त्याच्या चाहत्यांना काय वाटलं असेल देव जाणे. मदतीला मेल केला तर यंत्र उत्तर देतं, तेही दरवेळी तेच. तीन आठवडे गेले. आता चढवताना आपल्या पानाची लिंक आधी देतो आणि रिलीजची तारीख महिनाभर पुढची टाकतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तरी निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, नाहीतर तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी यादी) ते गाणं येईल याची खात्री नसते.

माळकरी, आळंदीजवळ

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण माझ्याकडून लोकांना त्रास झाला.

अभंग तुकोबांचा, चाल आजोबांची. शब्दांवर कुणाचा हक्क नाही, चाल घरची, म्हणजे आपण निर्धास्त. चढवताना यूट्यूब कंटेंट आयडीचा चौकोन दिसला (आपला आवाज दुसऱ्याच्या व्हिडिओत सापडला की त्यावर आपोआप हक्क सांगणारं यंत्र), जादा पैसे भरून टिक केला. पखवाज मात्र विकतच्या लूपचा, म्हणजे कुणीही घेऊ शकेल अशा तयार रेकॉर्ड केलेल्या तुकड्याचा होता, हे डोक्यातच नाही. महिन्याभरात एका महाराजांच्या शिष्यांचा फोन: "ताई, आमच्या काकड्याच्या व्हिडिओवर तुमचा क्लेम आलाय." त्यांनीही तोच लूप घेतला होता! यंत्राला दोन्हीकडचा धुमाळीचा ठेका तंतोतंत एकच ऐकू आला. माझी कमाई नगण्य आणि वारकऱ्यांच्या व्हिडिओवरचे पैसे माझ्याकडे वळायला निघालेले. फोन करकरून माफी मागितली, क्लेम सोडले, टिक काढला. लूप, फुकटचे बीट, पारंपरिक ध्वनिमुद्रणाचे तुकडे यातलं काहीही गाण्यात असेल तर त्या चौकोनाला हात लावू नका. अटींमध्ये हे लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं.

शब्दवाला, ठाणे

सगळे रेकॉर्डिंगच्या पैशांवर बोलताय. गीतकार-संगीतकाराचे हक्काचे पैसे डिस्ट्रिब्यूटरच्या नेहमीच्या हिशोबात येत नाहीत, ती वेगळी वाट. आपल्याकडे त्यासाठी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करून वाटणारी संस्था आहे, तिचं सभासद व्हावं लागतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने हा हक्क पक्का केला, तरी मित्रांच्या गाण्यांत गीतकाराच्या रकान्यात 'बंड्या' लिहिलेलं मी पाहिलंय. बंड्याला पैसे कोण पाठवणार? कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव टाका.

हिशोबनीस, पणजी

मी कोंकणी गाणी करतो, ऐकणारे मोजकेच, बरेचसे आखातात आणि पोर्तुगालमध्ये. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत एका गाण्याचे १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत. माझी निम्मी गाणी त्याखाली. तेव्हा १५ टक्के कापणारं फुकट खातं मला परवडतं; शून्यातले १५ टक्के शून्यच. वर्षाला एखादंच गाणं करणाऱ्याने वर्गणी कशाला भरावी?

अमेरिकी सेवा असेल तर डब्ल्यू-८बेन हा त्यांचा कराचा फॉर्म भरा, पॅन नंबरासकट. नाहीतर तिथल्या कमाईवर ३० टक्के कर कापतात, करारानुसार आपला दर १५ आहे.

आता शहाणा

इन्स्टाग्रामवरच्या एकाला प्लेलिस्टसाठी चार हजार दिले. आठवड्यात स्ट्रीम वीस हजार, सगळे एकाच परक्या शहरातून, म्हणजे खोटे. गाणं उतरलं, वर डिस्ट्रिब्यूटरने दंड कापला. एवढंच.

ढोलकी, सातारा

आमचं खातं ज्या गड्याच्या मेलवर होतं तो बँड सोडून गेला. पासवर्ड त्याच्याकडे, पैसे त्याच्या खात्यात, भांडण गावभर. तुम्ही चौघं आहात ना? बहुतेक सेवांत वाटणी आधीच टाकता येते, ज्याचे त्याला परस्पर जातात. आज टाका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. खातं माझ्या मेलवर उघडायचं ठरत होतं, ते रद्द. बँडचा वेगळा मेल काढला, पासवर्ड चौघांकडे. वर्षाला पाचच गाणी होणार, त्यामुळे एकदाच पैसे घेणाऱ्याकडे जातोय, टक्के गेले तर गेले.

माळकरी ताई, तिसऱ्या गाण्यातला पखवाज आमचाही लूपच निघाला. शेजारच्या गल्लीत एक काका भजनाला वाजवतात, रविवारी त्यांना बोलावलंय. गाद्या परत भिंतीला लावतोय.