अनुभव: पाठ झालेलं, विसरलेलं आणि जिभेवर अडकलेलं

मोरावळा
काल भाचीला सतराचा पाढा म्हणून दाखवत होतो. सतरा पाचे पंच्याऐंशीला गाडी अडली. सतरा सक... सतरा सक... आणि आतल्या खोलीतून आई, "दुयोदरसे!" म्हणजे एकशे दोन.

आई 84 वर्षांची आहे. आठला खाल्लेले पोहे तिला अकराला आठवत नाहीत. मला अधूनमधून 'दादा' म्हणते, म्हणजे तिचा भाऊ. मग मुद्दाम विचारलं, सतरा नव्वे? तर गप्प. थोड्या वेळाने सतरा एकेपासून बोटांवर मोजत निघाली आणि बरोब्बर पोचली. मधूनच उचलता येत नाही, पहिल्यापासून दोरा ओढावा लागतो.

तुमचेही असले किस्से लिहा.

कोरांटी
एटीएमचा पिन. आकडे विचाराल तर शप्पथ सांगता येणार नाहीत, बोटं आपोआप जातात. परवा एका मशीनवर आकड्यांची जागाच उलटसुलट! मागे सहा जणांची रांग. शेवटी घरी येऊन फोनच्या कीपॅडवर बोटं फिरवून बघितले कुठले आकडे आहेत ते 😄

चिंचगूळ
मी आत्ता स्वयंपाकघरात कशाला आले होते तेच आठवेना म्हणून इथे वाचत बसलेय. कुकर लावलाय. किती शिट्ट्या झाल्या?

कोरांटी
आम्हाला काय विचारतेस, आमच्या इथे ऐकू येत नाहीत.

पाटीपेन्सिल
एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून लिहिलंय. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि ठरावीक वेळाने तीच पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत पडते ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त फायदा गेलेला. पण महिन्याने बघितलं तरी पाचवा हिस्सा शिल्लक! म्हणजे घसरगुंडी सुरुवातीलाच, नंतर सपाटी. माझ्या दहावीतल्या पोराला सांगतो, आज वाच, उद्या वाच, मग आठवड्याने. तो आदल्या रात्रीच वाचतो. असो.

सायंतारा
मोरावळा, तुमच्या आईंवरून हेन्री मोलेसन नावाचा पेशंट आठवला. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये मेंदूचं ऑपरेशन केलं, त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग) बराच भाग काढला. नवं काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला ठाऊकच नाही. हाताची आठवण वेगळ्या खणात असते. माझे सासरे शेवटी आम्हाला ओळखत नव्हते, पण सुपारी कातरायचे. एकसारखी, बारीक.

मोरावळा
सुपारीचं वाचून थांबलो थोडा. आई नऊवारी अजून स्वतः नेसते. निऱ्या मोजत नाही, पण चुकतही नाही.

हुलगेपिठी
मला लहानपणी कुत्रं चावलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं, वाड्यातली सगळी पोरं दारात, सगळं लख्ख आठवतं. ताईलाही अगदी हेच आठवतं, फक्त कुत्रं तिला चावलं होतं. तीस वर्षं भांडतोय. खूण तिच्या पोटरीवर आहे 🙈

कोरांटी
मग विषयच संपला!

हुलगेपिठी
मी नाही मानत.

चिंचगूळ
डाळ करपली. आणि मी आले होते हिंग घ्यायला.