आंदोलनाला संघटना, मताला पक्ष: ऊसपट्ट्यात असे का घडते?

प्रश्न: शिरोळचा शिवार

नोव्हेंबर 2023 मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्ग रोखला, तेव्हा माझे चुलते भाकरीचे गाठोडे घेऊन दिवसभर डांबरावर बसून होते. आदल्या हंगामातील उसाला टनामागे 400 रुपये अधिक मिळावेत ही मागणी होती. अखेर 3,000 रुपयांहून कमी दर दिलेल्या कारखान्यांनी 100 आणि त्याहून अधिक दिलेल्यांनी 50 रुपये द्यावेत, अशी तडजोड झाली. आमच्या 80 टनांवर तेवढ्याने फार मोठी रक्कम झाली नाही, पण ती कोणामुळे मिळाली याबद्दल घरात दुमत नव्हते.

पुढे 7 मे 2024 रोजी हातकणंगले लोकसभा मतदारसंघात मतदान झाले आणि कोणत्याही आघाडीत न जाता उभे राहिलेले याच संघटनेचे नेते राजू शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर राहिले. आपण त्यांना मत दिले नाही, हे चुलत्यांनी जेवताना स्वतःहून सांगितले आणि त्यात त्यांना काही विसंगती वाटत नव्हती. लोकांचा चळवळीवर विश्वास आहे असे म्हणावे, की तो दरापुरताच आहे?

उत्तर: जुना सभासद

आपल्या चुलत्यांना मी दोष देणार नाही. आपल्या भागात पक्ष म्हणजे झेंडा आणि कार्यालय नव्हे. पक्ष म्हणजे साखर कारखाना, विकास सोसायटी, दूध संघ, जिल्हा बँक आणि मुलाला महाविद्यालयात प्रवेश मिळवून देणारा संचालक. संघटना वर्षातून एकदा जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत भेटते, तर सोसायटीचा सचिव आठवड्यातून दोनदा पारावर भेटतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उसाला तुरे आले तरी तोड मिळेना. लागणीची नोंद वेळेत होती, तरीही गट कार्यालयात चार हेलपाटे झाले आणि चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, प्रत्येक वेळी 'पुढच्या आठवड्यात' एवढेच सांगत राहिला. शेवटी गावातील एका पुढाऱ्याने फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी टोळी फडात उतरली. वजनात जी घट आली ती आलीच. त्या पुढाऱ्याने मत मागितले तेव्हा मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो?

उत्तर: मागावरचा

वरील दोघेही उसाच्या सरीतून बाहेर पडायला तयार नाहीत, म्हणून लिहितो. हातकणंगले मतदारसंघात शिरोळ आणि इस्लामपूर आहे, तसे इचलकरंजीही आहे आणि शाहूवाडी-शिराळ्याचा डोंगरी भागही आहे. मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. माझ्या मजुरीचा, सुताच्या भावाचा किंवा कारखानदाराच्या वीजबिलाचा उसाच्या पहिल्या उचलीशी, म्हणजे कारखाना देतो त्या पहिल्या हप्त्याशी, काहीही संबंध नाही. संघटनेचे लोक प्रामाणिक आहेत असे आमच्या मागाच्या खात्यातही (कारखान्यातही) म्हणतात, परंतु प्रामाणिक माणूस माझ्यासाठी काय करणार, याचे उत्तर प्रचारात मला तरी ऐकू आले नाही. एका पिकाची संघटना त्या पिकाच्या पट्ट्यात कितीही बळकट असली तरी लोकसभेचा मतदारसंघ त्याहून मोठा असतो.

उत्तर: बांधावरून

'जुना सभासद' यांचे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. कारखाने, सोसायट्या आणि बँका 2009 मध्येही होत्याच, आणि तेव्हा याच मतदारांनी 'एक व्होट, एक नोट' म्हणत वर्गणी काढून शेट्टींना संसदेत पाठवले होते. मग मधल्या काळात काय बदलले? 2014 मध्ये ते महायुतीबरोबर होते. 2019 मध्ये ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीतून लढले, म्हणजे ज्यांच्या कारखान्यांच्या दारात शेतकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या त्यांच्याच व्यासपीठावर जाऊन बसले, आणि पराभूत झाले. दरम्यान त्यांचे संघटनेतील सहकारी सदाभाऊ खोत मंत्री होऊन वेगळे झाले होते. माझ्या मते दुरावा तेव्हाच पडला. 2024 मध्ये एकट्याने लढण्याचा निर्णय योग्य असूनही उशिरा आला.

हे दुखणे जुनेच आहे. मूळ शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून चळवळ उभी केली, निपाणीत तंबाखू उत्पादकांना रस्त्यावर आणले, 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले. परंतु 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढल्यावर तीच गर्दी मतपेटीपर्यंत आली नाही.

मात्र मत मिळाले नाही म्हणजे चळवळ संपली, असेही मी मानत नाही. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्य सरकारचा 2022 चा निर्णय शेट्टींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. ऊस गाळपास गेल्यापासून 14 दिवसांत पूर्ण रक्कम हा नियम त्यामुळे पुन्हा उभा राहिला. त्या वेळी शेट्टी खासदारही नव्हते आणि आमदारही नव्हते.

प्रश्नकर्ता: शिरोळचा शिवार

सर्वांचा आभारी आहे. हे सगळे मी काल चुलत्यांना वाचून दाखवले. इचलकरंजीचा मुद्दा त्यांना लगेच पटला. आघाडीबद्दल मात्र ते म्हणाले की तो राग 2019 मध्येच निघून गेला, 2024 मध्ये त्यांनी फक्त निवडून कोण येईल एवढेच पाहिले. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "ऊस परिषदेची तारीख ठरली का रे?"