मदत हवी आहे: स्वतःचं रॉकेट असलेले देश मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी, भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिने तक्त्याला विषय घेतलाय 'स्वतःच्या बळावर उपग्रह सोडणारे देश'. ऐकायला सोपं वाटलं, पण यादी करायला बसलो आणि डोक्याचा पार भुगा झालाय.

सोव्हिएत रशिया १९५७, अमेरिका १९५८, जपान आणि चीन १९७०, आपण १९८० (एसएलव्ही-३ रॉकेटवरून रोहिणी उपग्रह), इस्रायल १९८८, इथवर भांडण नाही. पण ब्रिटनचं काय करू? त्यांनी १९७१ ला ब्लॅक अ‍ॅरो रॉकेटने प्रॉस्पेरो उपग्रह सोडला, तोही ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून, आणि गंमत म्हणजे कार्यक्रम बंद करायचा निर्णय सरकारने त्याआधीच जाहीर केला होता! त्यानंतर ते रॉकेट कधी उडालंच नाही. असा देश धरायचा का? फ्रान्सचा पहिला उपग्रह १९६५ ला अल्जीरियाच्या वाळवंटातून गेला, आता एरियान रॉकेटं दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कुरूहून उडतात पण ती पडली सगळ्या युरोपची, मग फ्रान्स वेगळा लिहू की युरोप एकत्र?

सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय दक्षिण कोरियाने. २०१३ च्या नारो रॉकेटचा खालचा टप्पा रशियन होता, पूर्ण त्यांचं असं नुरी यशस्वी झालं २०२२ ला. मी म्हणतो २०२२ लिही, दाजी म्हणतात २०१३, कारण आपल्या जीएसएलव्ही रॉकेटला पण सुरुवातीला वरच्या टप्प्यात रशियन क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाचं) इंजिन होतंच की, तेव्हा ते आपलं नव्हतं का. आता यावर काय बोलणार, पण मला अख्खा पहिला टप्पा बाहेरून आणणं वेगळं वाटतं.

त्यात भाचीने विचारलं, आपल्याकडे रॉकेट आहे तर आपला जीसॅट-११ उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये कुरूहून एरियान-५ ने का पाठवला? म्हटलं अगं तो ५,८५४ किलोचा, आपलं सगळ्यात ताकदवान रॉकेट एलव्हीएम-३ त्या भूस्थिर कक्षेच्या (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी दिसतो) वाटेवर साधारण ४ टनच नेतं. झालं, आता तिला तक्त्यात वजनाचा रकाना पण हवाय.

तर जाणकारांनी सांगा, वजन कुठल्या कक्षेचं लिहायचं? खालच्या कक्षेचा आकडा घेतला तर तेच रॉकेट दुप्पट ताकदवान दिसतं. आणि ब्रिटन, कोरियाबद्दल तुम्ही काय कराल? माणूस पाठवणारे रशिया, अमेरिका, चीन वेगळ्या रंगात दाखवतोय, ते ठीक आहे ना? सोमवारी तक्ता द्यायचाय, जरा लवकर सांगा प्लीज.